अलंकरण आणि उणीव : लिपोल्ड यांचे एक धातुशिल्प

‘सजावट’ हा शब्द शिल्पसमीक्षेत बहुधा हिणवण्यासाठीच येतो. वास्तू आधी, शिल्प मागाहून; शिल्प काढले तरी वास्तू उभी राहते; म्हणून ते सजावट, असा हा युक्तिवाद. रिचर्ड लिपोल्ड यांच्या ‘ऑर्फियस अँड अपोलो’च्या संदर्भात तो तपासून पाहण्याजोगा आहे.

न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधील फिलहार्मोनिक हॉल १९६२ मध्ये खुला झाला. मॅक्स अब्रामोव्हिट्झ यांनी सभागृहापुढे काचेच्या भिंतींचे उंच दालन ठेवले होते. त्या उंचीत लिपोल्ड यांनी चकचकीत मुंट्झ धातूच्या १९० पट्ट्या पोलादी तारांवर टांगल्या. (तांबे व जस्त यांचा हा मिश्रधातू एकोणिसाव्या शतकात गलबतांचे तळ मढवण्यासाठी वापरात आला, म्हणजे मुळात आवरणाचाच धातू.) सुमारे ५ टन वजनाच्या या रचनेला घनता म्हणून जवळजवळ नाहीच. पट्ट्यांचे दोन समूह एकमेकांकडे झेपावतात. त्यांत मानवाकृती शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. मिथक येते ते तारांतून. पट्टीला तोलून धरणारी तार हीच ऑर्फियसच्या वाद्याची तार होते. बांधणीच्या दृष्टीने जे निव्वळ साधन, तेच येथे आशयाचे वाहक आहे. रचना आणि अलंकरण हा भेद शिल्पाच्या आतच मोडून पडतो.

कांटने १७९० मध्ये चित्राची चौकट, पुतळ्याची वस्त्रे, प्रासादाभोवतीचे स्तंभ यांना ‘पॅरेर्गा’ म्हटले : कलाकृतीचे अंगभूत घटक नसलेली, बाहेरून जोडलेली अलंकरणे. देरिदाने १९७८ मध्ये त्यावर नेमके बोट ठेवले. बाहेरचे जोडावे लागते ते आत काही उणे असते म्हणून. लिंकन सेंटरच्या इतिहासाने या विधानाला अनपेक्षित दाखला पुरवला. ज्यासाठी वास्तू उभारली त्या सभागृहाचा ध्वनीच सदोष ठरला. १९७६ मध्ये ते आतून उखडून नव्याने बांधले गेले; दालनातील ‘सजावट’ मात्र जागीच राहिली. गाभा बदलला, आभूषण टिकले.

२०१४ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून शिल्प उतरवले गेले. २०२२ मध्ये सभागृह पुन्हा नवे होऊन उघडले तेव्हा ते परतले नाही. २०२३ मध्ये ते ला-गार्डिया विमानतळावर उभे राहिले. भंगारापेक्षा हे केव्हाही बरे, यात शंका नाही. परंतु शिल्पाच्या कैवाऱ्यांची येथे पंचाईत होते. ते ‘केवळ सजावट’ नव्हे, स्वायत्त कलाकृती आहे, असे म्हणावे तर स्थलांतराबद्दल तक्रारीला जागा उरत नाही; स्वायत्त वस्तू कोठेही स्वायत्तच. तक्रार करायची तर शिल्प त्या दालनाचे, तेथल्या श्रोत्यांचे अलंकरण होते हे कबूल करावे लागते, आणि मग ‘अलंकरण’ हा शब्द हिणकस मानणे सोडावे लागते. यांपैकी दुसरा पर्यायच अधिक प्रामाणिक वाटतो. मध्यंतरात बाहेर आलेल्या श्रोत्याच्या कानात नुकतेच ऐकलेले वाद्यवृंदाचे स्वर रेंगाळत असत; त्या कानामुळे तारेला अर्थ होता. विमानाची वेळ गाठणाऱ्या प्रवाशाला ती तार पट्टी पडू देत नाही, इतकेच दिसते.