दूरचित्रवाणीवरील न्यायालय आणि बचाव पक्षाचा वकील

इंद्रवेल्ली परिसरातील आमचे विद्यार्थी मराठी, उर्दू, तेलुगू आणि गोंडी बोलणाऱ्या घरांतून येतात. एकदा पदवीच्या वर्गात वकिलीच्या पेशावर निबंध दिला, तेव्हा बहुतेकांनी एकच गोष्ट लिहिली : आरोपीची बाजू घेणारा वकील पैशासाठी खोटे बोलतो. न्यायालयाची पायरीही न चढलेल्या मुलांचे हे मत बव्हंशी दूरचित्रवाणीवरून आलेले आहे.

'सीआयडी' ही मालिका १९९८ ते २०१८ अशी वीस वर्षे चालली व डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिच्यात गुन्हेगार पोलिसांसमोर सर्व कबूल करतो आणि भाग संपतो. कायद्याच्या दृष्टीने खटला तेथे सुरूही झालेला नसतो. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचे २५ वे कलम हेच सांगत होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचे २३ वे कलमही तेच सांगते. त्या माहितीवरून एखादी वस्तू हाती लागली, तर तिच्याशी थेट संबंधित तेवढाच भाग ग्राह्य धरता येतो. कोठडीतील कबुली कशी मिळवली जाऊ शकते हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. नेमकी हीच सावधगिरी मालिकेतून गळून पडते, आणि आरोपी म्हणजेच गुन्हेगार हे समीकरण घरोघरी रुजते.

२०१० मध्ये सुरू झालेल्या 'अदालत' या मालिकेचा नायक तर बचाव पक्षाचाच वकील आहे. मग तक्रार कशाची? के. डी. पाठक निरपराधांसाठी लढतो, स्वतः तपास करतो आणि खरा गुन्हेगार भर न्यायालयात उघडा पाडतो. प्रत्यक्षात दुसरा गुन्हेगार शोधून देणे हे बचावाच्या वकिलाचे काम नव्हे. गुन्हा निःसंशय सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर असतो. ('अदालत'च्या मुळाशी 'अद्ल' म्हणजे न्याय आहे, 'वकील' म्हणजे ज्याच्यावर काम सोपवले तो. त्यात अशील निर्दोष असण्याची अट नाही.) कोईमतूरच्या वकील संघटनेने आरोपी पोलिसांचे वकीलपत्र न घेण्याचा ठराव केला होता. ए. एस. मोहम्मद रफी खटल्यात, २०१० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदेशीर ठरवले.

या गैरसमजाची किंमत कोणाला मोजावी लागते? ११ फेब्रुवारी २०१० रोजी अॅड. शाहिद आझमी यांची मुंबईत, कुर्ल्यातील त्यांच्या कार्यालयात गोळ्या घालून हत्या झाली. २६/११ च्या खटल्यात ते फहीम अन्सारी यांचे वकील होते. त्याच वर्षी अन्सारी त्या खटल्यातून निर्दोष सुटले आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मुक्तता कायम ठेवली. आझमींवर हन्सल मेहता यांनी 'शाहिद' हा चित्रपट केला. मालिकांच्या साच्यात असा वकील मात्र बसत नाही.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) हा मराठी चित्रपट मी वर्गात दाखवला. त्यात कोणी टेबलावर हात आपटत नाही; तारखा पडतात, कलमे एकसुरी आवाजात वाचली जातात, सरकारी वकील बाई लोकलने घरी जाऊन स्वयंपाक करतात. मुले कंटाळली, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. फक्त एकजण शेवटपर्यंत खिळून होता. जमिनीच्या दाव्यासाठी तो वडिलांबरोबर आदिलाबादच्या न्यायालयात जात असे. "सर, असंच असतं," एवढेच तो म्हणाला.