खेळायची गंजिफा

टॅरोचा कोणता संच घ्यावा, हा प्रश्न आता जुन्नर, नारायणगाव, मंचरमधली तरुण मंडळीही विचारतात. ऑनलाइन मागवला की संच दारात येतो, आणि त्यांचे प्रकारही असंख्य झालेत. पण हाताने रंगवलेल्या पत्त्यांची एक मोठी परंपरा आपल्याच राज्यात, सावंतवाडीत, अजून चालू आहे हे या मंडळींपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. सावंतवाडीच्या गंजिफेबद्दल आजवर जे लिहिलं गेलं, त्यात कौतुक भरपूर आहे. ते योग्यच आहे. मात्र ही कला आज नेमकी कुठे उभी आहे, हे कौतुकापलीकडे जाऊन पाहायला हवं.

टॅरो आणि गंजिफा यांची तुलना ओढूनताणून केलेली नाही. टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत जन्मले ते खेळण्यासाठी; भविष्याशी त्यांची सांगड अठराव्या शतकाच्या अखेरीस, फ्रान्समध्ये पडली. त्या जुन्या इटालियन खेळात दोन रंगांत मोठा आकडा वरचढ असे, तर पेले आणि नाणी या दोन रंगांत उलट, लहान आकडा वरचढ. गंजिफेतही अगदी हेच आहे. निम्म्या रंगांत राजा आणि प्रधान यांच्याखाली दश्शी मोठी, निम्म्यांत एक्का मोठा. इराणमार्गे आलेला हा खेळ 1527 मध्ये बाबराच्या आठवणींत दिसतो, अकबराच्या काळात अबुल फझल ‘ऐन-इ-अकबरी’त त्याचं सविस्तर वर्णन करतो, आणि पुढे दक्षिणेत, ओडिशात, बंगालमध्ये त्याला देशी रूपं मिळतात.

आपल्याकडे मुख्य जोडी, म्हणजे पत्त्यांचे संच, दोन. चंगकांचनी म्हणजे मुघल पद्धतीची 96 पानांची जोड: ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश असे आठ रंग, प्रत्येकात एक राजा, एक प्रधान आणि दहा आकडी पानं. दशावतारी जोड 120 पानांची. तिचे दहा रंग मत्स्यापासून कल्कीपर्यंत; ओडिशाच्या जोडीत जिथे जगन्नाथ येतो तिथे आपल्याकडे बुद्ध. याखेरीज नवग्रहांची 108 पानांची आणि राशींची 144 पानांची जोड होते. म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी तर एकोणिसाव्या शतकात 360 पानांपर्यंतचे खेळ रचले. ते बुद्धीचं वैभव म्हणून थोरच, पण इतक्या पानांचा खेळ दरबाराबाहेर रुजणं अवघडच होतं.

दशावतारी जोडीत चित्रकाराला किती काम पडतं ते एकदा मोजून पाहावं. प्रत्येक रंगात एकापासून दहापर्यंत चिन्हं, म्हणजे पंचावन्न. दहा रंगांची मिळून साडेपाचशे. मासे, कासवं, चक्रं, कमंडलू, परशू, बाण, तलवारी. राजा आणि प्रधानांची चित्रं फक्त वीस. माझ्या मते या कलेचा खरा कस त्या साडेपाचशे चिन्हांत लागतो. दहा मासे गोल पानाच्या छोट्या वर्तुळात असे बसवायचे की नजर टाकताच ते नऊ नसून दहा आहेत हे कळावं. कुंचल्याच्या दोन-चार फटकाऱ्यांत मासा उभा करायचा आणि शंभर पानांनंतरही हात जड होऊ द्यायचा नाही. जुन्या बाजारू जोडींत, म्हणजे दरबारासाठी नव्हे तर सामान्य गिऱ्हाइकासाठी काढलेल्या जोडींत, ही सहजता दिसते. तिथल्या रेषेला घाई आहे, पण ती रेषा चुकत नाही.

आज विकलं जातं ते मात्र राजाचं पान. दहा अवतारांचे दहा राजे चौकटीत बसवून भिंतीवर लावायला नेतात. आकडी पानं कोणी मागत नाही. मागणी अशी असेल तर कारागीर दुसरं काय करणार? त्यामुळे अवताराचा मुकुट, दागिने, चेहऱ्यावरचे भाव यांवर मेहनत वाढत गेली, आणि काही नव्या कामांत कॅलेंडरमधल्या देवाच्या तसबिरीसारखा गुळगुळीतपणा आला. चित्र म्हणून ते सुबक असेलही. पत्ता म्हणून ते दुबळं आहे, कारण पत्त्याला लांबून, क्षणात, हातात इतर पानं असताना ओळखता यावं लागतं.

टॅरोमध्ये याच्या जवळपासचंच एक वळण आलं होतं, आणि तिथे ते फायद्याचं ठरलं. मार्सेय पद्धतीच्या जुन्या जोडींत आकडी पानांवर केवळ चिन्हं असत. 1909 च्या रायडर-वेट जोडीत पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने 78 च्या 78 पानांवर प्रसंग रंगवले. चित्र पाहून अर्थ सांगणाऱ्याला त्यामुळे मोठाच आधार मिळाला. आजच्या बहुतेक जोडी तिच्याच वाटेने जातात. टॅरोचा उपयोग बदलला होता आणि पानं त्या उपयोगाला धरून बदलली. गंजिफेचा उपयोग बदलला नाही. तो नुसता थांबला.

सावंतवाडीत ही कला जगली याचं श्रेय तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राजमाता सत्वशीलादेवी यांना निःसंशय द्यावं लागेल. कला जाणणारे मोजकेच हात उरलेले असताना शिवरामराजे वयोवृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकले. पुढे 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला राजवाड्यात ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ उभं राहिलं आणि तरुण हातांना काम मिळू लागलं. चिंचोक्याच्या खळीने कापडाचे थर चिकटवायचे, त्यावर पांढरा लेप देऊन दगडाने घोटायचं, गोल चकत्या कापायच्या, रंगवायच्या आणि लाखेने झिलई द्यायची. हे सगळं ज्ञान त्यामुळे टिकलं. आता भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण मानांकनाने वस्तूचं नाव राखलं जातं, तिचा खेळ नव्हे.

जुन्नरच्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. जुन्नरचा हातकागद एके काळी नावाजलेला होता. गिरणीचा स्वस्त कागद आला, दप्तरांनी तो स्वीकारला आणि कागदी मंडळींचा धंदा बसला. कौशल्य कमी पडलं नव्हतं. लिहिणाऱ्यांनी हात आखडला. याच तालुक्यात याच्या उलट उदाहरणही आहे. तमाशा कलावंत विठाबाईंच्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडमालकांच्या राहुट्या लागतात, आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या तिथे येऊन तमाशाची सुपारी ठरवतात. तमाशाच्या अडचणी थोड्या नाहीत, कर्जाचा डोंगर तर जुनाच आहे. तरी त्याला अजून बघणारा आहे, आणि तो फड निवडताना चोखंदळ असतो. गंजिफेला असा चोखंदळ गिऱ्हाईक हवा. ओडिशात काही गावांत वयस्कर मंडळी आजही गंजपा, म्हणजे तिकडची गंजिफा, खेळतात. आपल्याकडे मात्र जोड घेणाऱ्या बहुतेकांना नियमच माहीत नसतात.

म्हणून ज्याला जोड घ्यायची आहे त्याला माझं सांगणं असं की पूर्ण जोड घ्या. दहा राजे चौकटीत नेऊ नका. खेळ बहुधा तिघांचा. दशावतारीत प्रत्येकाला 40 पानं येतात, चंगकांचनीत 32. तेव्हा चकती हाताच्या मापाची हवी. मोठी चकती दिसते छान, पण एवढी मोठी पानं एका हातात राहणार नाहीत. दुकानात राजाचं पान बाजूला ठेवून प्रत्येक रंगातली नव्वी आणि दश्शी मागून घ्या, हात लांब करून धरा. फरक चटकन कळला नाही तर ती जोड सोडा. दहाही रंगांच्या जमिनी, म्हणजे चिन्हांमागच्या पार्श्वभूमीचे रंग, दिव्याच्या उजेडात वेगळे ओळखू यायला हवेत. लाल आणि केशरी इथेच दगा देतात. पाठ कोरी आणि एकसारखी असावी, एखाद्या पानावर लाखेचा ओघळ असेल तर ते पान खेळात ओळखू येतं. गंजिफा शैलीत रंगवलेली 52 पानांची जोडही होते. तिच्यावर मेंढीकोट खेळता येईल आणि भेट म्हणून ती सुंदरच आहे, पण ती गंजिफा नव्हे. आणि टॅरोसारखं भविष्य पाहण्यासाठी दशावतारी जोड घेऊ नये. तिच्या रचनेत तसं काही नाही.

सावंतवाडीकडून माझी एक अपेक्षा आहे. हाताने रंगवलेली जोड महाग पडणारच आणि पडावीही. साडेपाचशे चिन्हांचं मोल कमी कसं असेल? पण तिच्याच जोडीने तिथल्याच चित्रकारांच्या रेषेतली, त्यांना मानधन देऊन छापलेली साधी जोड निघावी, आणि तिच्यात मराठीतून नियमांची पुस्तिका असावी. पारावर मेंढीकोट खेळणाऱ्यांना उतारी, हात, वरचढ पान हे सारं शिकवावं लागत नाही. हुकूम नसलेला खेळ आणि निम्म्या रंगांतला उलटा क्रम एवढ्याच दोन गोष्टी नव्या. त्यांच्यातले काहीजण पुढे हाताची जोड मागतील, आणि मागताना दश्शी तपासतील.

तोवर ज्यांच्याकडे पूर्ण जोड आहे त्यांनी ती पेटीतून काढावी. पांढरी चादर अंथरून पानं उपडी पसरावीत. गोल पानं पिसता येत नाहीत, दोन्ही हातांनी ढवळावी लागतात. मग वाटावीत. दिवसा बसला असाल तर ज्याच्या हातात रामाचा राजा येईल त्याची पहिली उतारी, रात्री बसला असाल तर कृष्णाचा राजा असेल त्याची.