डब्याची नोंदणी होते, पाळणाघराची का नाही?

‘पाळणाघराचं लायसन्स कुठे काढायचं?’ माझा पीएचडीचा विषय बालसंगोपनाची धोरणं आहे हे कळलं की हा प्रश्न हमखास येतो. कधी विचारणारी आई असते, कधी पाळणाघर सुरू करू पाहणाऱ्या काकू. उत्तर दोन शब्दांचं आहे : कुठेच नाही. घरात चालणाऱ्या खासगी पाळणाघरासाठी म्हणून वेगळा परवाना आपल्या राज्याच्या कायद्यात नाही.

पण म्हणून घरगुती पाळणाघर नियमांतून सुटलंय असं समजू नका. त्याला कागद भरपूर लागतात. फक्त त्या कागदांपैकी एकही मुलाबद्दल काही विचारत नाही. भिंतींबद्दल विचारतात, विजेबद्दल विचारतात, उलाढालीबद्दल विचारतात. एका बाईने किती बाळं सांभाळायची, हे मात्र कोणी विचारत नाही. माझी तक्रार नियम कडक असल्याची नाही. ते भलत्याच गोष्टीचे आहेत आणि काकूंना लपून राहायला शिकवतात, ही तक्रार आहे.

एक काकू आणि त्यांचे कागद

समजा, कल्याण पश्चिमेला खडकपाड्यात एक काकू आहेत. पहिल्या मजल्यावर वन बीएचके, सांभाळायला सहा मुलं, सगळी चार वर्षांच्या आतली. मुलांचे आईबाप सकाळची लोकल पकडतात आणि सात-साडेसातनंतर परततात. काकूंना सगळं रीतसर करायचं आहे. तर त्या काय काय करतील?

पहिलं, गुमास्ता. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार मोजकेच कामगार असतील तर नोंदणीसुद्धा लागत नाही, नुसती ऑनलाइन सूचना द्यायची. त्याची पावती येते. बऱ्याच पाळणाघरांत भिंतीवर फ्रेम करून लावलेलं ‘लायसन्स’ म्हणजे हीच पावती. ती दाखवते एवढंच की इथे काहीतरी व्यवसाय चालतो. झेरॉक्सचं दुकान असतं तरी हीच मिळाली असती.

दुसरं, उद्यम नोंदणी. २०२० पासून तीही स्वयंघोषणेवर होते. ती लघुउद्योगाची ओळख आहे, बाळं सांभाळण्याच्या पात्रतेची नाही.

तिसरं, जेवण. काकू स्वतः वरण-भात, खिचडी करून घालत असतील तर अन्नसुरक्षा कायद्याच्या नजरेत तो अन्नव्यवसाय ठरू शकतो. त्यासाठी एफएसएसएआयची छोटी नोंदणी आहे. म्हणजे खिचडी नोंदवता येते, पण ती खाणारं मूल कुठल्याच वहीत नाही.

चौथं, आणि खरी गोची इथे आहे. घर निवासी आहे, मग त्यात पाळणाघर चालेल का? कल्याण-डोंबिवलीला डिसेंबर २०२० पासून राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. आपल्याकडच्या अशा नियमावल्यांत ‘घरगुती व्यवसाय’ ही सवलत फार पूर्वीपासून आहे. तिच्या अटी साधारण अशा : तो व्यवसाय त्या घरात राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसानेच करायचा, पगारी मदतनीस ठेवायचा नाही, आणि घराचा असा वापर होतोय हे बाहेरून दिसता कामा नये.

शिवणकाम, फॉल-बिडिंग, पापड यांना ही व्याख्या छान बसते. पण पाळणाघर तिच्यात बसवून बघा. काकू एका मुलाला धुवायला मोरीत गेल्या की बाकीच्या पाच जणांवर कोणाचीच नजर नाही. म्हणजे लहान मुलांच्या सुरक्षेची पहिली गरज ही दुसऱ्या मोठ्या माणसाची, आणि नियम म्हणतो पगारी माणूस नको. दुसरी गरज, इथे पाळणाघर आहे हे आजूबाजूला माहीत असणं. कोणी रडलं, धूर दिसला, तर शेजारचा माणूस धावत येईल. तिथेही नियमाचं म्हणणं, पाटी नको. थोडक्यात, सवलत हवी असेल तर एकट्या राहा आणि दिसू नका. चांगल्या पाळणाघराच्या नेमकी उलटी रेसिपी.

त्यात सोसायटीचा ना हरकत दाखला. सेक्रेटरी म्हणतात, महापालिकेचं पत्र आणा. महापालिकेत विचारायचं तर कुठल्या विभागात? मालमत्ता कर विभागात जावं तर बिगरनिवासी दर लागण्याची भीती, नगररचना विभागात जावं तर वापरबदलाची नोटीस येण्याची. पाळणाघराचं टेबल कुठेच नाही. मग शहाणी बाई काय करते? काहीच विचारत नाही. आणि न विचारणारीच निवांत राहते.

कायद्यातला पाळणा कुठे टांगलाय?

पाळणाघराचा उल्लेख असलेले कायदे आपल्याकडे नाहीत असं नाही. पण ते सगळे कामाच्या ठिकाणाशी बांधलेले आहेत. मुंबई प्रांताने १९२९ मध्ये देशातला पहिला मातृत्वलाभ कायदा केला. त्याच्या विधेयकाच्या बाजूने १९२८ मध्ये डॉ. आंबेडकर विधिमंडळात बोलले होते, आणि या खर्चाची जबाबदारी मालकाने टाळू नये हा त्यातला एक मुद्दा होता. पुढे १९४८ च्या कारखाना अधिनियमात कलम ४८ आलं : ५० हून जास्त स्त्रिया कामाला असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवं. १९७६ मध्ये हा आकडा ३० वर आणला. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्वरजा १२ वरून २६ आठवडे झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झालं. आता हे सगळं नव्या कामगार संहितांत गेलंय, पण पन्नासचा आकडा तिथेही कायम आहे.

गिरणगावात याला अर्थ होता. बाई चाळीतून चालत गिरणीत जायची, मूल कडेवर यायचं. आता सीएसएमटीहून कल्याण सुमारे ५४ किलोमीटर आहे. २०१७ च्या दुरुस्तीत आईला दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाता येईल अशी तरतूद आहे. बीकेसीतल्या कंपनीने तळमजल्यावर कितीही सुंदर पाळणाघर बांधलं तरी कल्याणच्या आईने दीड वर्षाच्या बाळाला गर्दीच्या वेळी लोकलमध्ये कसं चढवायचं? तिला पाळणाघर लागतं ते घराजवळ. कायद्याने पाळणा ऑफिसात टांगलाय आणि मूल मात्र कल्याणात आहे.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये या पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत घराजवळच्या पाळणाघराचा पर्याय आहे, हे मान्य. वाचायला ती चांगलीही आहेत : सहा महिने ते सहा वर्षं वयोगट, कंत्राटी कर्मचाऱ्यांची मुलंसुद्धा धरलेली. पण ती कंपनीच्या नजरेतून लिहिली आहेत. कंपनी करार करणार तो कागद असलेल्या पाळणाघराशी, म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या साखळीच्या शाखेशी. आपल्या काकूंकडे झेरॉक्सच्या दुकानाला मिळते तीच पावती आहे. त्यामुळे कंपनीचा पैसा त्यांच्यापर्यंत पोचत नाही आणि तत्त्वंही पोचत नाहीत.

नियम कडक केले की काय होतं?

नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाल्याचं सीसीटीव्हीत दिसलं, आणि सगळीकडून कडक नियमांची मागणी झाली. ती समजण्यासारखी होती. पण त्यातली एक गोष्ट आपण नीट पाहत नाही. कॅमेरा तिथे होता. त्याने पुरावा दिला, मार थांबवला नाही.

कडक नियमांचं काय होतं यावर अमेरिकेत बराच अभ्यास झालाय. दोन पेपर मला महत्त्वाचे वाटतात. व्ही. जोसेफ हॉट्झ आणि मो शाओ यांचा ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मधला २०११ चा पेपर म्हणतो की नियम कडक झाले की पाळणाघर केंद्रांची संख्या घटते, आणि जास्त घटते ती कमी उत्पन्नाच्या भागांत. दर्जा सुधारतो, पण मुख्यतः जास्त उत्पन्नाच्या भागांत. उदाहरणच द्यायचं तर, एका शिक्षिकेमागे किती बाळं चालतील या आकड्यातून एक जरी मूल कमी केलं तर केंद्रांची संख्या साधारण ९ ते ११ टक्क्यांनी कमी होते, असा त्यांचा अंदाज आहे.

दुसरा पेपर जॅनेट करी आणि हॉट्झ यांचा, २००४ चा, मुलांना होणाऱ्या अपघाती इजांबद्दल. केंद्रप्रमुखाच्या शिक्षणाची अट वाढवली की इजा कमी होतात. हा खरा फायदा आहे, तो नाकारायचं कारण नाही. पण त्याचबरोबर काही मुलं नियमांच्या कक्षेतून बाहेर फेकली जातात आणि त्यांना धोका वाढतो. म्हणजे नियमाने काही मुलं वाचतात आणि काहींचं नुकसान होतं.

हे निष्कर्ष जसेच्या तसे कल्याणला लावता येणार नाहीत. त्या अभ्यासांत नियमाच्या आतलं आणि बाहेरचं असे दोन गट आहेत. आपल्याकडे घरगुती पाळणाघरांपुरता आतला गट जवळजवळ नाहीच. मग अट वाढवून बाहेर ढकलायचं कोणाला? पण एक धडा इथेही लागू पडतो. उद्या कोणी घाईने ‘तळमजला, दोन पदवीधर, वेगळं स्वच्छतागृह, व्यावसायिक जागा’ असा परवाना आणला, तर मोठ्या संकुलांतली साखळी पाळणाघरं तो घेतील आणि कोळसेवाडीतली काकू आणखी आत, आणखी बंद दाराआड जाईल. तिच्याकडची मुलं घरी बसणार नाहीत, कारण त्यांच्या आयांना काम सोडणं परवडत नाही.

जमतं की! दुसरीकडे जमलंय

‘एवढ्या छोट्या-छोट्या घरांची नोंदणी कोण करणार?’ हा नेहमीचा आक्षेप. पण याच राज्यात, याच घरांसाठी, दोन यंत्रणांनी ते केलंय.

एक, अन्न. २०११ च्या परवाना नियमांनी वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या अन्नव्यावसायिकासाठी वेगळी, वर्षाला १०० रुपयांची नोंदणी ठेवली. पोळीभाजीचे डबे देणाऱ्या बाईला कारखान्याचं लायसन्स मागितलं नाही. दोन, वीज. महावितरणच्या दरपत्रकात घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्याला महिन्याला ३०० युनिट आणि वर्षाला ३,६०० युनिटपर्यंत घरगुती दरच लागतो. म्हणजे वीज नियामक आयोगाला हे मान्य आहे की घर आणि धंदा एकाच छपराखाली असू शकतात, फक्त मर्यादा ठरवायला हवी.

इंग्लंडमध्ये घरी मुलं सांभाळणाऱ्यांसाठी हा वेगळा वर्गच आहे. एका व्यक्तीकडे आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं, त्यात पाच वर्षांखालची साधारण तीन, आणि वर्षाच्या आतलं एक. शिवाय लहान मुलांच्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण हवंच. कोणालाही मोजता येतील असे हे आकडे. अर्थात तिथेही सगळं गोड नाही. २०१२ नंतरच्या बारा वर्षांत अशा नोंदणीकृत व्यक्तींची संख्या निम्म्याहून खाली आली, आणि वाढत्या कागदपत्रांबद्दल तिथेही ओरड आहेच.

तर माझं म्हणणं असं : सहा मुलांपर्यंतच्या घरगुती पाळणाघरासाठी एकपानी नोंदणी असावी. त्यात मुलांची संख्या, त्यांची वयं, हाताशी असलेली मोठी माणसं, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण, घरातल्या सगळ्यांची पोलिस पडताळणी आणि खिडक्यांना जाळी एवढंच. ही नोंदणी असेल तर ‘घरगुती व्यवसाया’त एक पगारी मदतनीस आणि दारावर पाटी चालेल, कर आणि सोसायटीच्या दृष्टीने घर निवासीच राहील. भेटीला यावी ती अंगणवाडी पर्यवेक्षिकेसारखी मुलं कळणारी बाई, बांधकाम मोजणारा माणूस नव्हे. हप्त्याची भीती खरी आहे. पण आज सगळंच अर्धं बेकायदा असल्यामुळे धमकावणं अधिकच सोपं आहे. हातात नोंदणी असलेल्या बाईला निदान उत्तर देता येतं.

हे होईपर्यंत आईबापांनी भिंतीवरची फ्रेम बघून समाधान मानू नये. चार प्रश्न विचारा : आत्ता इथे किती मुलं आहेत? वर्षाच्या आतली किती? तुम्ही आजारी पडलात तर कोण बघतं? दुपारी मी न सांगता आले तर चालेल ना? चारही उत्तरं न अडखळता आली, तर त्या घरात कुठल्याही परवान्यापेक्षा जास्त काहीतरी आहे. आणि ती उत्तरं देणाऱ्या काकूंना मदतनीस ठेवायची मुभा मागताना सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांच्या बाजूने हात वर करा.