खूण, चिन्ह, संकेत : प्रतिशब्द मिळाला म्हणजे अर्थ मिळाला का?

विठ्ठलवाडीत बोलायला उभा आहे, तेव्हा सुरुवात स्टेशनापासूनच करू. मुंबईहून घरी येताना इंडिकेटरवर तुमची नजर काय शोधते? 'एस' हे अक्षर. आपलं स्टेशन कर्जतच्या मार्गावर, आणि कर्जत लोकलचं अक्षर 'एस'. कसाऱ्याचं 'एन'. आता कर्जतच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'एस' कुठे आहे? नाहीच. वर त्याच इंडिकेटरवर धीम्या गाडीसाठीही 'एस'च असतो. अक्षर एक, जागा दोन, अर्थ दोन. तुम्ही धावत धावत वाचता आणि चढता. नवखा पाहुणा 'एन'मध्ये बसतो आणि कल्याणनंतर विठ्ठलवाडीऐवजी शहाडला उतरतो.

हा 'एस' म्हणजे नेमकं काय? चिन्ह, प्रतीक, संकेत, खूण, की निशाणी? आजचा विषय हाच आहे. साइन, सिग्नल, सिंबल, कम्युनिकेशन, आणि संगीतातले नोट, की, स्केल हे इंग्रजी शब्द आपण मराठीत कसे आणले, आणि आणताना कुठे चुकलो.

हा विषय मला एका विद्यार्थिनीने दिला. तिला प्रश्न होता, साइन, सिंबल आणि सिग्नल यांतला फरक सांगा. तिने उत्तर लिहिलं : अनुक्रमे चिन्ह, प्रतीक आणि संकेत. मार्क मिळाले. नंतर मला विचारते, "सर, पण फरक काय?" मला तो प्रश्न फार लागला. तीन इंग्रजी शब्दांसमोर तीन मराठी शब्द ठेवले आणि मार्क दिले, पण अर्थ काही हाती आला नाही.

एकट्या सिंबलचं काय झालंय बघा. निवडणूक आयोगाचा 1968 चा आदेश इंग्रजीत सिंबल म्हणतो, वर्तमानपत्रं चिन्ह म्हणतात, आणि प्रचाराच्या भोंग्यातून निशाणी ऐकू येते. कवितेच्या तासाला तेच प्रतीक होतं. रसायनशास्त्राच्या तासाला मूलद्रव्याची संज्ञा होते. यात चूक काही नाही, प्रत्येक क्षेत्राने आपल्या गरजेचा शब्द घेतला. चूक तिथे आहे, जिथे आपण मुलांना सांगतो की सिंबल म्हणजे प्रतीक, आणि विषय संपवतो.

उलटंही घडतं. डॉक्टर साइन आणि सिम्प्टम वेगळे मानतात. सिम्प्टम पेशंट सांगतो, साइन डॉक्टर तपासून शोधतो. "मळमळतंय" हे पहिलं, डोळे पिवळे दिसणं हे दुसरं. मराठीत दोन्हींना लक्षण. इथे इंग्रजीने केलेला भेद आपल्या शब्दात बुडून जातो.

मग शब्दाचा अर्थ राहतो कुठे? माझं म्हणणं असं की तो राहतो क्रियापदात. नाम कुठल्या क्रियापदांबरोबर नांदतं, ते बघा. 'सिग्नल' हा उसना शब्द घ्या. रेल्वेचा सिग्नल 'पडला' की गाडी येते, कारण जुन्या खांबावरचा हात खरोखर खाली पडायचा. आता दिवे आले, हात गेला, पण 'पडला' राहिलं. रस्त्यावरचा सिग्नल मात्र 'लागतो' म्हणजे थांबायचं, 'सुटतो' म्हणजे निघायचं. कुणी तो 'तोडतो' आणि दंड भरतो. पडणं, लागणं, सुटणं, तोडणं, यातलं एकही क्रियापद इंग्रजीतून आलेलं नाही. शब्द परका, पण संसार पूर्ण मराठी. आता सिग्नलच्या जागी 'संकेत' ठेवून बघा. "संकेत सुटला, चल लवकर." (हशा)

संकेत हा शब्द वाईट नाही, त्याचं काम वेगळं आहे. आपल्या न्यायशास्त्रात शब्द आणि अर्थ यांना जोडणारा ठराव म्हणजे संकेत. काव्यात प्रेमिकांची ठरलेली भेटीची जागा म्हणजे संकेतस्थळ. आज सरकारी कार्यालयांचंही संकेतस्थळ असतं, ते सोडून देऊ. (हशा) दोन्हीकडे मुद्दा एकच, आधी ठरलेलं असणं. 'एस' म्हणजे कर्जत, हे ठरलेलं आहे. स्विस भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर याची व्याख्यानं त्याच्या मृत्यूनंतर 1916 मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यातही हेच आहे, की चिन्ह आणि अर्थ यांचं नातं निसर्गाने दिलेलं नसतं, समाजाने मानलेलं असतं.

एसटीची घंटी आठवा. इथे जवळच आगार आहे. कंडक्टरने एक घंटी दिली की थांबा, डबल बेल दिली की चला. देवळातली घंटाही वाजतेच, पण ती दोनदा वाजली म्हणून देऊळ सुटत नाही. आणि टाळाचा ठेका संकेतापुरता नसतोच, त्यात आपण रमतो. डबल बेल कळली की तिचं काम संपलं. टाळ कळूनही ऐकत राहावासा वाटतो.

संगीतात हा प्रश्न फार टोकदार होतो. विष्णु नारायण भातखंडे आणि विष्णु दिगंबर पलुसकर, दोघेही मराठी आणि जवळपास एकाच काळातले. दोघांनी स्वरलिपी दिली, पण चिन्हं वेगळी. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक, पलुसकर पद्धतीत तेच टिंब म्हणजे मंद्र. भातखंडे समेला फुली करतात आणि खालीला शून्य. पलुसकरांकडे समेला एकचा आकडा, खालीला अधिकचं चिन्ह. एका पद्धतीचा विद्यार्थी दुसऱ्या पद्धतीचं पुस्तक उघडून गायला बसला, तर पहिल्याच ओळीत दोन सप्तकांनी चुकेल. टिंब तेच, ठराव वेगळा. संकेत म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगला धडा मला सापडलेला नाही.

आणि पट्टी! इंग्रजीतली 'की' म्हणजे बोट ठेवायची कळही आणि गाण्याचा आधारस्वरही. कोशकाराने काही घडवण्याआधी आपल्या पेटीवाल्यांनी शब्द करून ठेवला. "काळी चार धरा." "पांढरी एकमध्ये जमेल?" लाकडाची पट्टी आणि गळ्याची पट्टी एकाच शब्दात. पट्टी धरतात, चढवतात, उतरवतात. क्रियापदं आहेत, म्हणजे शब्द जिवंत आहे.

कम्युनिकेशनचं मात्र हाल झाले. रस्ते आणि रेल्वे असतील तर दळणवळण, तारा असतील तर संदेशवहन, विद्यापीठात संज्ञापन, कार्यशाळेत संवाद. शेवटचा शब्द मला खटकतो. संवादाला दोन बाजू लागतात. गाडी उशिरा धावत असल्याची स्टेशनवरची घोषणा कम्युनिकेशन आहे, संवाद नाही. उलट बोलायची सोय कुठे आहे? जिथे फक्त सांगणं आहे तिथे संवाद म्हटलं, की सांगणाऱ्याला फुकटचं मोठेपण मिळतं. इथे प्रतिशब्दाची चूक केवळ भाषेची राहत नाही.

कुणी म्हणेल, मग इंग्रजीच वापरा. नाही. काटेकोर विषयाला काटेकोर परिभाषा हवीच, आणि 'स्वरलिपी'सारखे शब्द उत्तम रुजले आहेत. तक्रार आहे ती नुसत्या जोड्या लावण्याची. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती 1857 ची. त्यात नामापुढे ते कुठली क्रियापदं घेतं, हेही जागोजागी दिलेलं आहे. ती शिस्त परिभाषेच्या याद्या करताना आपण सोडली.

आणि एक घरचा शब्द कडेला राहिला : खूण. ग्रीकांकडे सिंबलचा मूळ अर्थ असा, की एक वस्तू मोडून दोघांनी अर्धी अर्धी ठेवायची आणि पुढे तुकडे जुळवून ओळख पटवायची. याला आपण काय म्हणतो? खूण पटली! डोळ्याने खूण करतात ती सिग्नलच्या जवळची. जखमेची खूण आणि पाऊलखुणा नुसत्या ठरावाने होत नाहीत, त्यांच्यामागे काही घडून गेलेलं असतं. मनाशी बांधतात ती खूणगाठ. त्या मुलीला तीन संस्कृत शब्द पाठ करायला लावण्याआधी या चार खुणांतला फरक विचारला असता, तर तिने तो स्वतःच सांगितला असता. मग चिन्ह, प्रतीक, संकेत ही नावं जरूर द्या. तिला ती कुठे लावायची, ते कळेल.

म्हणून पुढच्या वेळी कुणी प्रतिशब्द दिला, तर एकच विचारा : याचं क्रियापद काय?