‘म्या’ आणि ग्रिअर्सनचा सातवा खंड: पुरावा कुठवर पुरतो?

मराठी बोलींवर पीएचडी करायची म्हटलं की वाचनयादीत जॉर्ज ग्रिअर्सन यांचं ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’ येतंच. मराठीचा सातवा खंड १९०५ चा, स्टेन कोनो यांनी तयार केलेला. तो जरूर वाचा. पण त्यातून काय सिद्ध होतं आणि काय होत नाही, हे आधी बघू.

उदाहरण हिंगोलीकडचं घेऊ. ‘म्या भाकर खाल्ली’ असं लिहिलं तर वहीत लाल रेघ येते, ‘मी’ हवं. पण जुन्या मराठीत ‘मियां’, ‘म्यां’ ही तृतीयेची रूपं आहेत. ‘त्याने’मधला ‘ने’ जे काम करतो तेच ‘म्या’ करतो. प्रमाण मराठीत त्या जागी ‘मी’ आला, क्रियापदाची चाल मात्र जुनीच राहिली: मी आंबा खाल्ला, मी चिंच खाल्ली. खाणारा तोच, क्रियापद कर्मामागे जातं. म्हणजे ‘म्या’ म्हणणाऱ्याचं व्याकरण बिघडलेलं नाही. उलट जास्त जुनं आहे.

आता खंडाकडे या. सर्वेक्षणाने ठिकठिकाणाहून ठरावीक नमुने मागवले: उधळ्या मुलाच्या गोष्टीचं भाषांतर, एखादं स्थानिक कथन, शब्द-वाक्यांची यादी. यातून एखादं रूप वापरात होतं, एवढं कळतं. पण तोच माणूस ‘मी’ कधी म्हणतो आणि ‘म्या’ कधी, हे कळत नाही. व्याकरणातला बदल तर नेमका तिथेच घडतो: दोन रूपं शेजारी नांदतात आणि एकाचा वापर हळूहळू वाढतो.

दुसरी अडचण नकाशाची. हैदराबाद संस्थान या पाहणीच्या कक्षेबाहेर होतं. त्यामुळे वऱ्हाडातलं वाशीम आत, लागूनच असलेलं हिंगोली बाहेर! ही रेघ राज्यकारभाराची आहे, बोलीची नाही. म्हणून ‘ग्रिअर्सनमध्ये हे रूप सापडत नाही’ एवढ्यावर मराठवाड्याबद्दल निष्कर्ष काढू नका. मोजलंच नाही, त्याला शून्य म्हणता येत नाही.

मग करायचं काय? मोकळ्या गप्पा परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. प्रत्येक ‘मी’ आणि ‘म्या’ मोजा. सोबत बोलणाऱ्याचं वय, शिक्षण आणि समोर कोण होतं, तेही नोंदवा. तुमच्यासमोर ‘मी’ म्हणणारी आजी शेजारणीशी ‘म्या’ म्हणत असेल, तर तो फरक गाळू नका. तुमचा डेटा तोच आहे.