करंटचा आलेख जुळला, म्हणून मॉडेल बरोबर?

पल्स्ड पॉवरमध्ये संशोधन करायचं ठरवलं असेल, तर स्पार्क गॅपचं मॉडेल आज ना उद्या तुमच्यासमोर येणारच. दोन इलेक्ट्रोडमधल्या वायूचा काही नॅनोसेकंदांत प्लाझ्मा होतो आणि करंट वाहू लागतो. त्या प्लाझ्माचा रोध कसा घसरतो, हे सांगणारी तीन सूत्रं तुम्हाला वारंवार भेटतील.

टेप्लरच्या सूत्रात रोध आतापर्यंत वाहिलेल्या विद्युतभारावर ठरतो. रोम्पे आणि वाइत्सेल (१९४४) यांच्या मते वाहकता प्लाझ्मात साठलेल्या ऊर्जेच्या प्रमाणात वाढते, म्हणून ते करंटच्या वर्गाचं संकलन घेतात. ब्रागिन्स्की (१९५८) सांगतो, की तापलेली प्लाझ्माची नळी भोवतालच्या वायूत शॉकवेव्ह ढकलत फुगते. तिच्या त्रिज्येचा वर्ग करंटच्या २/३ घाताच्या संकलनानुसार वाढतो.

तिघांचं भौतिकशास्त्र वेगळं. तरीही एकाच प्रयोगाच्या करंटशी तिन्ही सूत्रं जुळवून दाखवता येतात. इथेच सावध व्हा.

एक कारण उघड आहे: सूत्रातला स्थिरांक हवा तसा फिरवता येतो. दुसरं कारण सर्किटमध्ये दडलंय. ऑल्डरमास्टनच्या जे. सी. मार्टिन यांचं अनुभवसिद्ध सूत्र घ्या. साध्या दाबाची हवा, ३० किलोव्होल्ट प्रति सेंटिमीटर क्षेत्र आणि ५० ओहमचं सर्किट असेल, तर रोध घसरायला साधारण ५.५ नॅनोसेकंद लागतात. गॅपची प्रेरकता १०० नॅनोहेन्री धरली, तर तिचा वाटा फक्त २ नॅनोसेकंद. आता तोच गॅप १ ओहमच्या सर्किटला जोडा. रोधाचे सुमारे २० नॅनोसेकंद होतात, पण प्रेरकतेचे १००! म्हणजे करंट कसा चढतो हे मुख्यतः प्रेरकताच ठरवते. अशा आलेखाशी मॉडेल जुळलं, तर तुम्ही प्लाझ्मा नाही, तारांची मांडणी तपासलीत.

तिन्ही सूत्रांची आणखी एक मर्यादा आहे. करंटच्या वर्गाचं किंवा ब्रागिन्स्कीचं संकलन फक्त वाढतच जातं, त्यामुळे रोध कमीच होत राहतो. प्रत्यक्षात करंट ओसरला की प्लाझ्मा थंड होतो आणि रोध पुन्हा वाढतो. टेप्लरचं सूत्र तर उलटसुलट वाहणाऱ्या करंटला जसंच्या तसं लावलं, तर पुढचे-मागचे भार एकमेकांना खोडतात आणि रोध मध्येच अनंत होतो! सेकंदाला शेकडो पल्स देणारा स्विच बनवायचा असेल, तर गॅप पुन्हा व्होल्टेज सहन करायला केव्हा तयार होईल, हाच कळीचा प्रश्न असतो. त्यावर ही सूत्रं गप्प आहेत.

मग निवड कशाची करायची? माझं मत ब्रागिन्स्कीच्या बाजूने पडतं. त्याचं सूत्र सर्वांत अचूक आहे म्हणून नव्हे. वाहकता स्थिर धरणं ही त्याची कमजोरी आहेच. पण त्यात वायूची घनता आहे, वाहकता आहे आणि नळीची त्रिज्या आहे. स्ट्रीक कॅमेऱ्याने ही त्रिज्या मोजता येते, म्हणजे ते सूत्र चुकलं तर चूक पकडता येते. नुसत्या जुळवलेल्या स्थिरांकाला ही सोय नसते.

तेव्हा एखाद्या पेपरमध्ये ‘मॉडेल प्रयोगाशी जुळतं’ असं वाचलंत, की तीन गोष्टी शोधा. प्रेरकतेचा वाटा वजा करून गॅपवरचं व्होल्टेज तपासलंय का? दाब बदलल्यावरही तोच स्थिरांक चालतो का? आणि रोधाशिवाय दुसरी एखादी राशी मोजलीय का? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर तुमच्या प्रबंधासाठी विषय तिथेच पडलेला आहे.