तोंड आले, हिरवा चहा घेतला, बरे वाटले!

हिरव्या चहातील रसायनांमुळे तोंडातले व्रण लवकर भरतात, असे आरोग्य-पुरवण्यांतून वरचेवर वाचायला मिळते. विधान अगदीच निराधार नाही. हिरव्या चहात पाने आधीच वाफवली किंवा भाजली जातात, त्यामुळे त्यांतील कॅटेचिने टिकतात. काळ्या चहात त्यांचे ऑक्सिडीकरण होते. मिचियो त्सुजिमुरा या जपानी संशोधिकेने १९२९ मध्ये हिरव्या चहातून कॅटेचिन वेगळे केले. या गटातील एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट हे संयुग दाह कमी करते, असे पेशींवरील प्रयोगांत दिसले आहे.

पण काचेच्या बशीतल्या पेशींना दिलेली मात्रा बहुधा चहा पिणाऱ्याच्या रक्तातील मात्रेच्या दहापट ते शंभरपट असते. शिवाय पेशी ज्या द्रवात वाढवतात त्यात या संयुगाचेच ऑक्सिडीकरण होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. मग दिसलेला परिणाम नेमका कशाचा? तोंडापुरती एक सवलत मात्र द्यायला हवी. चहा काही मिनिटे तोंडात धरला तर लाळेतील मात्रा रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त होते. म्हणून गुळण्यांची कल्पना आम्हाला हास्यास्पद वाटत नाही. (पुरवणीत मात्र ‘प्या’ असे लिहिलेले असते!)

खरी मेख वेगळीच आहे. नेहमीचे लहान व्रण ७ ते १४ दिवसांत आपोआप भरतात, वणही उरत नाही. दुखणे असह्य झाल्यावर, चौथ्या-पाचव्या दिवशी, जो उपाय करावा तो गुणकारीच ठरणार. मग हिरवा चहा घ्या, जाईचा पाला चावा की साजूक तूप लावा. तेव्हा ‘बरे झाले का?’ हा प्रश्नच चुकीचा. ‘चहा न घेणाऱ्यांपेक्षा किती दिवस आधी?’ असे विचारायला हवे, आणि तुलना रंगाने-चवीने सारख्या पण कॅटेचिन नसलेल्या द्रवाशी हवी. नववी-दहावीच्या मुलांना हा प्रयोग कागदावर आखायला सांगून पाहावे. तुरट चवीची नक्कल कशी करायची, इथे बहुतेक गट अडतील.

आणखी एक गोष्ट या मजकुरातून हटकून गळते. वारंवार तोंड येण्यामागे काही वेळा लोह, फोलेट किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असते. आणि चहातील पॉलिफेनॉले वनस्पतिजन्य अन्नातील लोहाचे शोषण कमी करतात. रक्तक्षय असलेल्या मुलीला जेवणाबरोबर हिरवा चहा सुचवणे म्हणजे दुखण्याचे मूळ जोपासणे.

तीन आठवडे उलटूनही न भरणारा व्रण, विशेषतः तंबाखू-गुटखा खाणाऱ्याचा, हा तर चहाचा विषयच नव्हे. तो डॉक्टरांनी किंवा दंतवैद्यांनी लगेच तपासायचा असतो. असा माणूस पुरवणीतले कात्रण वाचून महिनाभर गुळण्या करत बसला, तर कर्करोगाच्या निदानातला एक महिना गेलेला असू शकतो.